कुलूप लावल्यावर पुन्हा बघावं

५ मार्च, राखेचा बुधवार

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी मटण सोडलं होतं. त्याचा त्रास फक्त डॅडींना झाला, कारण घरात ते शिजलंच नाही. या वर्षी मला सोसेल आणि मलाच सोसावं लागेल असं काहीतरी सोडायचं ठरवलं. ऑफिसात ओरडणं. ईस्टरपर्यंत एकदाही नाही. जे ओरडले असते ते सगळं या वहीत लिहायचं. वही चांगली जाड घेतली आहे.

ओरडायला कारणं पुष्कळ आहेत. आमची कंपनी वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात आहे आणि एक्स-रे सेंटरांसाठी डबा बनवते. एक्स-रे मशिनमधून फोटो या डब्यात येतो, साठवला जातो, डॉक्टरला दिसतो. अशी चाळीस सेंटरं आहेत, ठाण्यापासून कल्याणपर्यंत. डब्यातलं कर्नल माझं खातं. कर्नल म्हणजे संगणकात सगळ्यात खाली चालणारा प्रोग्राम. फाइल लिहा, वाचा, पुसा, सगळं त्याच्या हातून जातं. ते आम्ही लिहिलेलं नाही. जगभरचे लोक मिळून लिहितात, मेलवर एकमेकांना दुरुस्त्या पाठवतात आणि एकमेकांची सालटी काढतात. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात.

त्या कर्नलमध्ये माझा एक पॅच आहे. सहा वर्षं झाली. डॅडींनी त्या मेलची प्रिंट काढून, चौकट करून, हॉलमध्ये येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. मी लाजल्यासारखं करते, पण कोणी न बघता पुढे गेलं तर मला राग येतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

पॅच छोटा आहे, पण सुंदर आहे. कर्नल फाइलचे चार हजार शहाण्णव बाइटांचे तुकडे करतं, त्याला पान म्हणतात. शेवटचं पान बहुधा अर्धं रिकामं असतं. ते डिस्कवर उतरवण्याआधी फाइल कुठे संपते ते बघायचं आणि पुढच्या रिकाम्या जागेत शून्यं भरायची. जुना कोड फाइलची लांबी दोनदा बघायचा. एकदा पानाला कुलूप लावण्याआधी, एकदा लावल्यावर. कुलूप म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्या कोणी त्या पानाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, एकदा बघितली ना, मग पुन्हा कशाला? दुसरं बघणं काढून टाकलं. दोन ओळी कमी झाल्या, काम थोडं वेगात व्हायला लागलं. कर्नलमधला फाइली ठेवणारा हा भाग, म्हणजे फाइल सिस्टम, सांभाळणारा गृहस्थ कुणाचं कौतुक करत नाही. त्याने लिहिलं होतं, ‘नीटनेटकं.’ त्या एका शब्दासाठीच ती चौकट आहे.

६ मार्च

डोंबिवलीच्या सेंटरमधून रसिकाचा फोन. ती तिथे एक्स-रे काढते. म्हणाली, “मॅडम, तुमचा डबा हाडं मोडतोय.”

मी न ओरडता विचारलं, म्हणजे काय. ती म्हणाली, या आणि बघा.

मी आणि हेमाताई गेलो. हेमाताई शेहेचाळीस वर्षांच्या आहेत, दिव्याला राहतात. अकरा वर्षं घरी होत्या, जानेवारीत आमच्याकडे पुन्हा नोकरीला लागल्या. मशिनकडून फोटो घेऊन डब्यात लिहिणारा नवा प्रोग्राम त्यांचा. कमी बोलतात. एक लांबट रजिस्टर जवळ असतं, त्यात तारीख-वेळ टाकून सगळं लिहितात. संगणकाच्या माणसाने हाताने लिहावं याचं मला हसू येतं. (मी हे कशात लिहिते आहे ते माहीत आहे.)

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गेला. सेंटरमध्ये गंगुबाई नावाच्या सत्तरीच्या आजी बसल्या होत्या. जिन्यावरून घसरल्या, मनगट दुखावलं, फोटो काढला. फोटोत हाडावर बारीक काळी रेघ. प्लास्टर घातलं. दोन तासांनी डॉक्टरांनी फोटो पुन्हा पाहिला आणि म्हणाले, हाड कधी पट्टीने आखल्यासारखं मोडत नाही. दुसरा फोटो काढला. त्यात रेघच नाही.

आजी म्हणाल्या, “पहिल्या फोटोत मोडलं न् दुसऱ्यात जुळलं. मी तर मशिनलाच हात जोडले!”

रसिका हसली. मला हसू आलं नाही. एक्स-रेत हाडाभोवती सगळं काळंच असतं, त्यामुळे काळी रेघ फक्त हाडावर दिसते. म्हणजे आमच्या डब्याची चूक बरोब्बर फ्रॅक्चरसारखी दिसते. उद्या एखाद्या डॉक्टरला शंका आली नाही तर?

७ मार्च

चाळीस सेंटरांतून खराब झालेल्या अकरा फाइली मिळाल्या. प्रत्येकीत मधेच शून्यं घुसली आहेत. शून्यं सुरू कुठूनही होतात, पण संपतात नेमकी पानाच्या शेवटाला. अकराच्या अकरा. हे बघितल्यावर, खरं सांगायचं तर, मला आनंद झाला. हेमाताईंच्या प्रोग्रामला पान म्हणजे काय तेही माहीत नाही. पानं मोजतं ते कर्नल. दोष कर्नलमध्ये आहे. असा दोष आयुष्यात एकदा वाट्याला येतो.

संदेशला सांगितलं. संदेश आमचा मालक, माझ्याच वयाचा, एकेकाळी चांगला प्रोग्रामर होता, आता फक्त सेल्स करतो. म्हणाला, “अरे यार रोवेना, ते कर्नल जगात कोट्यवधी मशिनवर चालतंय. हेमाताईंचा प्रोग्राम चाळीस डब्यांवर. कोण चुकत असेल, तूच सांग ना.”

मी म्हटलं, जानेवारीत आपण कर्नलही नवं टाकलं. तो म्हणाला, त्याच आठवड्यात प्रोग्रामही नवा टाकला. हेही खरंच. मग त्याने आवाज खाली केला. हेमाताईंचा प्रोबेशन २८ तारखेला संपतो. तोवर सापडलं नाही तर तो त्यांना कायम करणार नाही आणि सेंटरांना कळवणार की चूक नव्या माणसाची होती, माणूस काढला.

मी म्हटलं, २८ च्या आत मी शोधून देते. माझं कर्नल, माझं काम. बाहेर आले तर हेमाताई दारापाशीच उभ्या होत्या, हातात रजिस्टर. ऐकलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, “मॅडम, उद्यापासून लवकर येऊ का?”

१० मार्च

दोष हुकमी घडवता आला! हेमाताईंचा प्रोग्राम एका वेळी चोवीस फाइली लिहितो, प्रत्येक छोट्या छोट्या तुकड्यांनी वाढवत. तो न थांबता चालवला की तीन-साडेतीन तासांत एखादी फाइल बिघडतेच. मी माझा साधा प्रोग्राम लिहून तेच करायला बघितलं, तर दिवसभरात एकही बिघडली नाही. हे संदेशला सांगितलं नाही. त्याच्या हातात कोलीत द्यायचं नाही.

१३ मार्च

आजपासून शोध सुरू. रीत अशी: कर्नलची एक जुनी आवृत्ती घ्यायची, जी चांगली. एक आजची, जी वाईट. मधले बदल हजारो. बरोब्बर मधली आवृत्ती घेऊन चालवायची. फाइल बिघडली तर दोष अलीकडच्या... नाही, जुन्या अर्ध्यात. नाही बिघडली तर नव्या अर्ध्यात. प्रत्येक वेळी निम्मं उरतं. शेवटी एकच बदल हातात येतो आणि त्यावर माणसाचं नाव असतं.

हेमाताईंना समजावलं तर म्हणाल्या, “आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी कुठे अडलंय ते असंच शोधतात. मधल्या मजल्याचा नळ सोडायचा.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण मॅडम, आधी खाली टाकीला पाणी आलंय का ते बघतात. ती चांगली आवृत्ती पण एकदा चालवून बघूया का?”

चांगली म्हणून मी जी धरली ती माझ्या पॅचचीच आवृत्ती. तिचा शब्द न् शब्द मी वाचलेला आहे. मी म्हटलं, ती मला पाठ आहे, वेळ वाया जाईल. उद्या धुळवडीची सुट्टी, आधीच एक दिवस कमी.

१६ मार्च, रविवार

हेमाताईंना जेवायला बोलावलं होतं. डॅडींनी स्वतः पापलेट आणलं, घासाघीस करून. आल्या आल्या त्यांनी चौकट दाखवलीच. “माझ्या पोरीचा पॅच! अख्ख्या दुनियेत चालतो.”

हेमाताई चौकटीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. अगदी जवळ जाऊन, बोट न लावता, ओळीओळीने. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागत असावा. मग माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात डॅडींनी ताट वाढलं. जेवल्या मात्र अगदीच कमी. नंतर विचारलं, “मॅडम, याच्यामुळे तुम्हाला ही नोकरी मिळाली का?” मी म्हटलं, नोकरीच नाही, मान मिळाला. त्या म्हणाल्या, “हं.”

१८ मार्च

सात आवृत्त्या चालवल्या, सातही वेळा फाइल बिघडली. म्हणजे दोष जुन्या बाजूला सरकतो आहे, सरळ रेषेत, एकदाही न वळता. इतकं सोपं काम मी कधी बघितलं नाही.

आज माझा नियम मोडला. दुसऱ्या मशिनवर पुढची आवृत्ती टाकायला गेले तर डिस्क भरलेली, कोणीतरी काल सबंध दिवस टेस्ट चालवलेली. हेमाताईंनी. मी ओरडले. या मशिनवर मला विचारल्याशिवाय काही चालवायचं नाही म्हणून. त्या म्हणाल्या, “सॉरी मॅडम, साफ करते. पण ती चांगली आवृत्ती जी आहे ना...” मी म्हटलं, हेमाताई, प्लीज, दहा दिवस उरलेत, आणि तेही तुमच्यासाठीच चाललंय.

त्यांनी रजिस्टर मिटलं आणि डिस्क साफ केली.

हे लिहिताना वाईट वाटतं आहे. उद्या त्यांच्यासाठी चिक्की नेईन.

२० मार्च

शेवट आला. बारा पायऱ्या, बाराही वाईट. उरलेला एकमेव बदल, म्हणजे गुन्हेगार: कुणीतरी एका टिप्पणीतलं स्पेलिंग सुधारलंय. टिप्पणी! कर्नल टिप्पण्या चालवत नाही, त्या माणसांनी वाचायच्या असतात. हिने फाइल बिघडवली म्हणणं म्हणजे पाटीवरच्या नावामुळे घर गळतंय म्हणण्यासारखं.

दोनदा पुन्हा चालवलं. तेच.

चिक्की हेमाताईंनी घेतली, पण डब्यात ठेवून दिली.

२१ मार्च

आज मी जे केलं ते जसंच्या तसं लिहिते.

शोध जर मूर्ख उत्तर देतो, तर प्रश्न चुकीचा आहे. कर्नलमध्ये दोष नसेलच. दोष घडतो तो फक्त हेमाताईंच्या प्रोग्रामने, माझ्या प्रोग्रामने नाही. हे मी अकरा दिवस लपवून ठेवलं होतं. संध्याकाळी संदेशला मेल लिहिला: कर्नलमध्ये काही आढळलं नाही, हेमाताईंच्या प्रोग्रामची बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घ्यावी.

मेल सभ्य आहे. वाचणाऱ्याला कळेल की मी त्यांना वाऱ्यावर सोडलं. संदेशचं उत्तर दोन मिनिटांत आलं: ओके, शुक्रवारी बोलून टाकू त्यांच्याशी.

२३ मार्च, रविवार

डॅडी वागळेच्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये एकतीस वर्षं होते. त्यांना सगळं सांगितलं, चुका शोधायची रीत, बारा पायऱ्या, स्पेलिंग. ते भाजी निवडत होते. म्हणाले, “म्हणजे सगळाच माल वाईट निघाला?”

हो म्हटलं.

“एकपण पीस पास नाय झाला?”

नाही म्हटलं.

“मग गेज तपासलंस काय?”

मला कळलं नाही. ते म्हणाले, “पोरी, आमच्याकडं एक मास्टर पीस असायचा. त्याच्यावरून गेज लावायचं, गेजवरून माल मोजायचा. एकदा आठवडाभर माल रिजेक्ट. लेथवाल्याला शिव्या, मटेरियलवाल्याला शिव्या. तेव्हा एक म्हातारा फिटर बोलला, मास्टर कोणी बघितलाय? मास्टरच घासलेला होता. ज्याला आपण चांगला बोलतो त्यालाच कोणी मोजत नाय. तुझा मास्टर कुठला?”

मी वर बघितलं. माझा मास्टर भिंतीवर होता, काचेत.

त्यांना काही कळलं नसावं. ते पुन्हा भाजी निवडायला लागले. मी मात्र उठून हात धुतले, ऑफिसच्या किल्ल्या घेतल्या आणि मग परत ठेवल्या. भीती वाटली. एका दुपारपुरती मला ती चौकट जशी आहे तशी हवी होती.

२४ मार्च

सकाळी नऊला ‘चांगली’ आवृत्ती चालवली. अकरा पन्नासला फाइल बिघडली.

हेमाताई शेजारीच होत्या. त्यांनी घड्याळ बघून रजिस्टरात लिहिलं. म्हणाल्या, “आता हिच्याही आधीची घ्यायची ना, मॅडम? डिसेंबरपर्यंत डब्यांत जी होती ती मी काढून ठेवली आहे.” कधी काढून ठेवली ते मी विचारलं नाही.

२७ मार्च

डिसेंबरपर्यंतची जुनी आवृत्ती पूर्ण दिवस निष्कलंक चालली. तिच्यात आणि ‘चांगली’त फाइल सिस्टमचे चाळीसेक बदल. दोन्ही मशिनं जुंपली. आज दुपारी तीन बदल उरले आणि पुढची टेस्ट लावायची गरजच उरली नाही. तिघांत एक नाव माझं होतं.

कोड उघडून वाचला. चार मिनिटं लागली. कर्नल फाइलची लांबी बघतं. मग पानाच्या कुलपासाठी रांगेत थांबतं. तेवढ्यात कुलूप हेमाताईंच्या प्रोग्रामपाशी असतं, तो त्याच पानात पुढचा तुकडा लिहून फाइल वाढवतो आणि कुलूप सोडतो. आता कर्नलची पाळी येते. त्याच्या डोक्यात लांबी जुनीच. तिथून पुढे पानाच्या शेवटापर्यंत ते शून्यं भरतं आणि नुकता लिहिलेला तुकडा पुसतं. जुना कोड कुलूप लावल्यावर लांबी पुन्हा बघायचा, तो याचसाठी. ते दुसरं बघणं मी काढलं. नीटनेटकं.

गंगुबाईंच्या मनगटावरची रेघ मी ओढली होती, सहा वर्षांपूर्वी, आणि माझ्या वडिलांनी ती चौकटीत लावली होती.

मी हेमाताईंना म्हटलं, “माझा आहे.” त्या म्हणाल्या, “हो.” मग त्यांनी पिशवीतून डबा काढला, त्यात मी दिलेली चिक्की होती, अर्धी मला दिली. दोघींनी खाल्ली.

२८ मार्च

संदेशच्या केबिनमध्ये हेमाताईंना अकराला बोलावलं होतं. मी साडेदहाला जाऊन बसले. सगळं सांगितलं. गेल्या शुक्रवारचा मेल चुकीचा होता, आणि त्यात मी एक गोष्ट दडवली होती, तीही सांगितली.

मग त्याचा चेहरा खुलला. “अरे मग बेस्ट ना! दोन ओळी परत टाक, डबे अपडेट कर, सेंटरांना सांगू की टेक्निकल इश्यू होता. कोणाचं नाव नाय, काय नाय.”

मी म्हटलं, दुरुस्ती जगाच्या कर्नलमध्ये जाणार. आणि तिथली रीत अशी आहे की दुरुस्तीखाली ओळ लिहायची, मूळ चूक कुठल्या पॅचमधून आली आणि तो कोणाचा.

“म्हणजे तू स्वतःच लिहिणार, चूक माझी? आणि क्लायंटने वाचलं तर? तुझं नाव बघून आपल्याला दोन टेंडरं मिळालीत, यार.”

“मग तिसऱ्या वेळी नाव बघून देणाऱ्याला हेही वाचू दे,” मी म्हटलं. ओरडले नाही. आवाज मात्र बाहेर गेला असावा.

अकराला हेमाताई आल्या. सोबत यादी. चाळीस सेंटरांतली जानेवारीपासूनची प्रत्येक फाइल त्यांनी तपासून घेतली होती. सत्तावन्न संशयित फोटो, सेंटरवार, पेशंटवार. म्हणाल्या, “सर, बावन्न फोटो मशिनमध्ये मूळ शिल्लक आहेत, परत घेता येतील. पाच जणांना पुन्हा बोलवावं लागेल. मी सगळ्या सेंटरना फोन सुरू केलेत.” संदेशने यादी उलटून पालटून पाहिली आणि विचारलं, हे कोणी सांगितलं करायला? त्या म्हणाल्या, “कोणी नाही.”

कायम केल्याचं पत्र दुपारी टाइप झालं. मी स्वतः प्रिंट काढली, कारण शाई संपत आली होती आणि मला धोका पत्करायचा नव्हता.

२९ मार्च

दुरुस्तीचा मेल लिहायला बसले. खाली ओळी भरल्या. चूक यातून आली: माझा पॅच, माझं नाव. ती ओळ लिहून झाल्यावर पाठ ताठ झाली. कन्फेशनला गुडघे टेकावे लागतात, हे मी ताठ बसून केलं.

पुढची ओळ, दोष कोणी शोधला. तिथेही माझं नाव टाकलं. शोधला मीच ना.

टेस्ट किती तासांत बिघडते ते आकडे हवे होते म्हणून हेमाताईंचं रजिस्टर मागितलं. पानं मागे चाळताना १७ मार्चला आले. सुंदर अक्षरात: ‘मशिन २. रोवेना मॅडमची चांगली आवृत्ती. सुरू ९:१०. बिघडली १२:२५. पुन्हा सुरू १२:४०. बिघडली ३:३०.’ त्याखाली: ‘चौकटीतला बदल? कुलपानंतर लांबी बघत नाही.’

सतरा तारीख. चौकट सोळाला बघितली. म्हणजे मी सात पायऱ्यांवर नाचत होते तेव्हा यांच्याकडे उत्तर होतं, आणि इंग्रजी वाचायला वेळ लागतो म्हणून मी लिहून ठेवलं होतं ते याच वहीत वर आहे, खोडणार नाही.

विचारलं, का नाही सांगितलंत?

“सांगितलं की. दोनदा. तुम्ही वेळ वाया म्हणालात, मग ओरडलात.”

“पण नोकरी जात होती तुमची!”

“जाऊ देणार नव्हते,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी केबिनमध्ये हेच पान उघडून ठेवणार होते. पण मॅडम, तुम्ही स्वतः बघितलंत तर बरं, असं वाटत होतं. शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघायची ठरवलेली. तुम्ही सोमवारीच बघितलंत.” मग जरा हसून, “माझाही काही मान आहे ना.”

मी ती ओळ खोडली. शोधणारीच्या जागी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. तपासणारीच्या जागीही. दुरुस्त करणारी फक्त मी.

५ एप्रिल

उत्तर आलं, त्याच कौतुक न करणाऱ्या गृहस्थाचं. घेतला, आभार. खाली त्याच्याच अजून तीन ओळी: सहा वर्षांपूर्वी हा पॅच मीही वाचला होता, मलाही दिसलं नाही. आणि शोधणाऱ्या बाईंचा प्रोग्राम मिळेल का? तो आम्हाला कायमच्या चाचण्यांत ठेवायचा आहे.

हेमाताईंना मेल दाखवला. त्यांनी तो इंग्रजीत मोठ्याने वाचला, माझ्यापेक्षा चांगल्या उच्चारात. म्हणजे ज्या प्रोग्रामवर आळ आला, तोच आता जगात कुठेही त्या फाइल सिस्टममध्ये कोणी काही बदललं की आधी चालणार. तो पास म्हणेल तरच पुढे. मी टाळ्या वाजवल्या. संदेशने केबिनमधून डोकं काढलं आणि कळल्यावर त्यानेही वाजवल्या. सोमवारी तो हे सेल्सच्या कागदात घालणार, मी पैज लावते.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

ओरडायला मोकळी झाले. सकाळी डॅडींना म्हटलं, ती चौकट आता उतरवा.

“का म्हणून?” ते म्हणाले. “रिजेक्ट पीस फेकत नसतात. लाल रंग लावून सगळ्यांना दिसेल असा फळीवर ठेवतात. नाय तर दुसरा तशीच चूक करतो.” आणि माझ्या कपाटातली लाल नेलपॉलिश घेऊन त्यांनी चौकटीच्या कोपऱ्यावर जाड ठिपका दिला. दुरुस्तीचा नवा मेलही चौकट करून तिच्याशेजारी लावला. आता पाहुण्यांना दोन्ही दाखवतात, आणि ठिपक्याची गोष्ट जास्त वेळ सांगतात. माझी मान खाली जात नाही. उलट कुणी न ऐकता पुढे गेलं तर राग येतो.

नव्या मेलच्या चौकटी त्यांनी दोन केल्या होत्या. म्हणाले, त्या बाईंनाही पाहिजे की.

२७ एप्रिल, रविवार

दिव्याला जाऊन आलो. चार मजले, लिफ्ट बंद, डॅडींनी चौकट कोणाच्या हातात दिली नाही. हेमाताईंच्या सासूबाई रमाबाई खाटेवर बसल्या होत्या. यांनीच म्हणे जानेवारीत विचारलं होतं, या वयात तुला कोण विचारणार आहे? पाण्याचं पिंप मधोमध, त्याला वळसा घालून बसलो.

रमाबाईंनी चौकट मांडीवर घेतली. “काय लिहिलंय गं यात?”

हेमाताईंनी त्यांच्या शेजारी बसून शेवटच्या ओळी मराठीत सांगितल्या. चूक कोणाची, शोधली कोणी, तपासली कोणी, दुरुस्त कोणी केली. एकेक ओळ, बोट लावून.

रमाबाईंनी माझ्याकडे बघितलं. “म्हणजे चूक तुमची?”

“हो, माझी.”

“आणि सापडली आमच्या हेमाला?”

“हो. मला दिसायच्या आठवडाभर आधी.”

म्हातारीने नाव दोनदा वाचून घेतलं. इथे चौकट टांगता येत नाही, घरमालक भिंतीत खिळा ठोकू देत नाही. हेमाताई म्हणाल्या, राहू दे, कपाटात ठेवते. रमाबाई उठल्या, फ्रीजवरची लोणच्याची बरणी, देवळातला फोटो आणि रेडिओ एकेक करून खाली उतरवले, पदराने वरची धूळ पुसली आणि चौकट तिथे भिंतीला टेकवून उभी केली, दारातून येणाऱ्याला आधी तीच दिसेल अशी.